पंचाच्या दारात वॉरंट

२०२३ च्या गणपतीत, गौरीच्या जेवणाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास एक हवालदार आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला. पाऊस धरला होता. त्याने रेनकोटाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, हात पुसले आणि मग पिशवीतला कागद उलगडला. घरात आरती चालू होती. मुंबईहून आलेले भाऊ, भावजया, जावई, पुतणे धरून तीसेक माणसे. हवालदार वयाने लहान आणि बोलायला मऊ. "काका, तुमच्या नावाचं वॉरंट आहे," तो म्हणाला. "घाबरू नका, जामीनपात्र आहे. मुचलक्यावर सही करा, मी जातो." तो हळूच बोलला, पण वॉरंट हा शब्द ओटीवर पोचायचा तो पोचलाच. आरती चालू राहिली, टाळ मात्र थांबले.

मी कुठला गुन्हा केला नव्हता. चार वर्षांपूर्वी मी पंच होतो, एवढेच.

२०१९ मध्ये आमच्या बंदरातल्या एका लाँचवरून जाळी, वायरलेस सेट आणि जीपीएस यंत्र चोरीला गेले होते. माल खाडीकाठच्या एका शेडमध्ये सापडला, तेव्हा पोलिसांनी जेटीवरच्या दोघांना बोलावून घेतले. एक मी, दुसरा एका बोटीवरचा खलाशी. झडतीच्या वेळी त्या भागातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असे कायदा सांगतो. आम्ही तिथे होतो म्हणून आम्ही पंच झालो. सगळा माल गोणपाटात घालून सुतळीने बांधला, गाठीवर लाख ओतली, मोहर उठवली आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आमच्या सह्या घेतल्या. कागद गोणीच्या फुगवट्यावर असल्याने माझी सही तिरकी आली. मी पंचनामा वाचला. खलाशाने वाचला नाही. त्याला वाचता येत होते, पण बोट सुटायची वेळ झाली होती.

साक्षीचे समन्स आले ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी डोंबिवलीला होतो. घरी बायको होती. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असे लिहिलेले होते की, ज्याच्या नावाचे समन्स तो माणूस सापडला नाही तर कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे त्याची प्रत द्यावी. पुरुषाकडे. हे घर पस्तीस वर्षे चालवलेली बाई दारात उभी होती, आणि कायद्याच्या लेखी तिच्या हातात तो कागद देता येत नव्हता. "घरी मिळून आले नाहीत" असा शेरा मारून समन्स परत गेले. पुढच्या तारखेला वॉरंट निघाले.

खरे तर साक्षीदाराविरुद्ध वॉरंट काढायचे तर न्यायालयाने आधी कारणे लेखी नोंदवायची असतात. माणूस फरार झाला आहे किंवा तो समन्स जुमानणार नाही असे न्यायालयाला वाटले पाहिजे. नाहीतर समन्स वेळेत पोचल्याचे सिद्ध होऊनही तो सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलेला असला पाहिजे. माझ्या बाबतीत यातले काहीच नव्हते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या ६६ व्या कलमातून "पुरुष" हा शब्द गेला. ज्या कोकणात अर्ध्याअधिक घरांतले कर्ते पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या हातात, तिथे हा एक शब्द जायला इतकी वर्षे लागली. त्या एका शब्दापायी किती घरांवर माझ्यासारखी वॉरंटे आली असतील!

त्या रात्री जागरणाला बसलो असताना ठाण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे ज्युरी परत आणली पाहिजे. सामान्य माणसांनी निकाल द्यायचा. मग कोर्ट लोकांचं होईल." हे मत काही त्याच्या एकट्याचे नाही. एखादा भयंकर गुन्हा घडला आणि खटला रखडला, की एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हेच ऐकू येते. त्या रात्री मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते आता देतो आहे.

ज्युरीची गोष्ट आम्हा रत्नागिरीकडच्या माणसांना लांबची नाही. टिळकांना बावन्न पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना, २२ जुलै १९०८ च्या रात्री, मुंबई उच्च न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्युरीने त्यांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरवले. सात विरुद्ध दोन. नवात सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला केसरीतल्या मराठी लेखांवरून, आणि बहुतेक ज्युररना मराठीचा गंध नाही. त्यांच्यापुढे होती ती भाषांतरे. टिळक स्वतः एकवीस तासांहून अधिक बोलले, भाषांतरात मूळ शब्दाचा अर्थ कुठे बिघडतो हे दाखवत राहिले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्या वेळी इथे रत्नागिरीत कैदेत होता.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती क्वचितच सांगितली जाते. त्या काळी इंग्लंडात फौजदारी खटल्यात ज्युरीतल्या बाराही जणांचे एकमत व्हावे लागे. एकाने जरी मान हलवली नाही तरी दोषी ठरवता येत नसे. ज्युरी अडली, म्हणजे हंग झाली, की ती बरखास्त होई आणि सरकारला हवे तर खटला नव्याने चालवावा लागे. तिथे दहा विरुद्ध दोनचा निकाल चालू लागला तो १९६७ नंतर. हिंदुस्थानातल्या संहितेत मात्र उच्च न्यायालयात नवातले सहा एका बाजूला असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असला की पुरत होते. १८९७ च्या खटल्यातही टिळकांना सहा विरुद्ध तीन असे दोषी ठरवले होते. इंग्लंडचा एकमताचा नियम इथे असता तर दोन्ही वेळा ज्युरी अडली असती. साहेबाने ज्युरी आणली, पण ज्या नियमात तिचा जीव होता तो बोटीत चढवलाच नाही.

टिळकांचे त्या रात्रीचे उत्तर उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेले आहे. ज्युरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, असे ते म्हणाले. मला मात्र विरुद्ध मत देणाऱ्या त्या दोघा ज्युररचा विचार सोडत नाही. आपल्याबरोबर बसलेले सात जण सत्ताधारी जमातीचे, न्यायाधीशाचा कल उघड दिसतो आहे, बाहेर शहर तापलेले आहे, आणि हे दोघे म्हणतात, आमचे मत तसे नाही. त्यांच्या "नाही"ने निकाल बदलला नाही. तरी तो आकडा नोंदला गेला, आणि ज्युरीने एकमताने दोषी ठरवले असे आज कोणालाही म्हणता येत नाही.

म्हणून हंग ज्युरीला कोणी ज्युरीचे अपयश म्हटले की मला ते पटत नाही. माणसाला तुरुंगात धाडण्याआधी त्या खोलीतल्या शेवटच्या शंकेखोराची समजूत पटली पाहिजे, ही कल्पनाच मोठी आहे. ती फुकट मिळालेली नाही. १६७० साली लंडनमध्ये रस्त्यावर धर्मोपदेश करणाऱ्या विल्यम पेनला दोषी ठरवायला नकार देणाऱ्या ज्युररना अन्नपाण्याविना, शेकोटीविना कोंडून ठेवले होते, वर दंड केला होता. त्यांच्यातल्या बुशेलने दंड भरला नाही, तुरुंग पत्करला, आणि दिलेल्या निकालाबद्दल ज्युररला शिक्षा करता येणार नाही हे तिथून पुढे ठरले. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात सर्व राज्यांत एकमत हवेच, हा निर्णय तर अगदी अलीकडचा, २०२० चा.

मग मी ज्युरी परत आणा असे का म्हणत नाही? नानावटी खटल्यामुळे नव्हे. १९५९ च्या त्या खटल्यात पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असे निर्दोष ठरवले, न्यायाधीशांना तो निकाल पुराव्याला धरून वाटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या एका खटल्याने ज्युरी गेली असे सर्रास सांगतात. पण विधी आयोगाने १९५८ च्या अहवालातच ती बंद करायला सांगितले होते, आणि कायद्याच्या पुस्तकातून ती पुरती गेली १ एप्रिल १९७४ ला, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली तेव्हा.

माझे कारण जवळचे आहे. आमच्या तालुक्यातली बारा माणसे एका खोलीत बसवून पाहा. त्यातल्या चौघांची भावकी एक निघेल. दोघांनी एकाच बोटमालकाकडून हंगामाची उचल घेतलेली असेल. एकाच्या बहिणीचे सासर आरोपीच्या वाडीत असेल. आणि सगळ्यांच्या डोक्यावर गावकी. गावकीने पालख्या नाचवल्या, पाखाड्या बांधल्या, अडल्या घराला लाकूडफाटा पुरवला, हे मी जाणतो. मी तिच्यातच वाढलो. पण गावाचा शब्द एक असला पाहिजे, हा तिचा पाया आहे. त्या शब्दाला जो नाही म्हणतो त्याला वाळीत टाकतात. त्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही, त्याच्या मयताला खांदा मिळत नाही, त्याची पोरे शिमग्याच्या मांडावर येऊ शकत नाहीत. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून अशा तक्रारी येत राहिल्या, आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. देशातला असा पहिलाच. तो जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्युरीचे मोल आहे ते तिच्यातल्या एकट्या पडलेल्या माणसात. आणि आमच्याकडे एकट्या पडलेल्या माणसाला अजून कायद्याचे छत्र लागते. ज्युरीच्या खोलीत काय बोलणे झाले ते गुप्त राहील म्हणता? आमच्या वाडीत कोणी मच्छीला किती दिले हेही दिवेलागणीपर्यंत गुप्त राहत नाही.

पुतण्याच्या म्हणण्यातला खरा भाग मात्र मी सोडणार नाही. फौजदारी न्यायालयात सामान्य माणसाची जागा हवी. ती जागा १९७४ ला संपली असे आपण समजतो, तिथे चूक होते. ती जागा पंचाची आहे.

पंच पोलिसांचा नसतो, फिर्यादीचा नसतो, आरोपीचा नसतो. माल खरोखर याच शेडमधून निघाला का, चाकू खरोखर याच विहिरीतून काढला का, प्रेत सापडले तेव्हा ते कसे पडले होते, हे पोलिसांशिवाय दुसऱ्या कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असावे म्हणून कायद्याने वाटेवरच्या माणसाला थांबवले आहे. ज्युरर शेवटी येऊन मत देतो. पंच सुरुवातीला येऊन पाहतो. आणि त्याचे पाहणे ऐच्छिक नाही. लेखी आदेशाने बोलावले असताना सबळ कारणाशिवाय झडतीला पंच व्हायला नकार देणे हा गुन्हा आहे. नव्या संहितेतही ती तरतूद आहे. म्हणजे ज्युरी ड्यूटीइतकेच सक्तीचे नागरिकाचे कर्तव्य आपल्याकडे आजही आहे. फक्त त्याला कोणी कर्तव्य म्हणत नाही. लोक त्याला लफडे म्हणतात.

लोक तसे म्हणतात याला कारणे आहेत. पंचनामा पुष्कळदा आधीच लिहिलेला असतो, पंचाला बोट ठेवून जागा दाखवली जाते. काही ठिकाणी तीच ती ठरलेली माणसे दहा-दहा प्रकरणांत पंच असतात. मग उलटतपासणीत वकील विचारतो, वाचलात का, कुठे उभे होतात, गोणी किती होत्या. पंच गडबडतो, फितूर ठरवला जातो, आणि आरोप खरा असो वा खोटा, खटला तिथेच बसतो. नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, ते चांगलेच झाले. पण चित्रफितीची उलटतपासणी होत नाही. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तिथे काय होते, हे सांगायला माणूसच लागतो.

आणि त्या माणसाला आपण वागवतो कसे? २००० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच लिहून ठेवले आहे की, साक्षीदाराला न्यायालयात मान नसतो, शिपाईसुद्धा त्याला बाहेर काढतो, दिवसभर थांबल्यावर त्याला कळते की आज काम नाही. मी हे सगळे भोगले. वॉरंटानंतरच्या पहिल्या तारखेला सरकारी वकील रजेवर होते. दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत. दोन्ही वेळा सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो आणि बाहेरच्या बाकावर पाच वाजेपर्यंत पुकाऱ्याची वाट पाहिली. भत्ता मागायचा असतो हे मला एका म्हाताऱ्या कारकुनाने दुसऱ्या खेपेला सांगितले.

माझे तरी घर रस्त्याला लागून आहे. खलाशाचे काय? एक ऑगस्टला बोटी पाण्यात गेल्या की तो आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात. समन्स त्याच्या झोपडीवर, तो मुरूड किंवा मालवणच्या पाण्यात. चाकरमान्याचे घर तर वर्षातले दहा महिने कुलुपात. त्याचा आधारवरचा पत्ता गावचा, तो राहतो नालासोपाऱ्याला. मग वॉरंट साठत जातात, आणि माणूस हमखास घरी सापडतो तो गणपतीत आणि शिमग्याला. वॉरंट मुदत संपून मरत नाही. न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा बजावले जाईपर्यंत ते जिवंत राहते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींच्या बाबतीतही सांगितले की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि तो मुद्दाम टाळतो आहे याची खात्री पटल्यावरच अजामीनपात्र. २०११ चा निकाल तर आपल्याच राज्यातल्या प्रकरणाचा: वॉरंट रद्द झाल्याचा कागद हातात दाखवूनही एका माणसाला १५ ऑगस्टच्या दिवशी अटक झाली होती. वॉरंटांची नीट नोंदवही ठेवा, रद्द झालेले परत घ्या, असे न्यायालयाने त्यात बजावले. हे आरोपीसाठी. मग ज्याने काही केलेले नाही, उलट सरकारला मदत केली, त्या पंचाच्या दारात यापेक्षा कमी काळजी का घ्यायची?

मला काय हवे आहे ते सांगतो. खलाशांच्या साक्षी जून-जुलैत लावाव्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, माणसे जाळी विणत घरी असतात, आणि न्यायालये जूनमध्ये उघडलेली असतात. यासाठी कायदा बदलायला नको, कॅलेंडर पाहिले की झाले. चाकरमानी मे महिन्यात येतो तेव्हा न्यायालयाला सुट्टी असते. त्यासाठी साक्ष दूरदृश्य यंत्रणेवरून घेण्याची नव्या संहितेतली तरतूद वापरावी, म्हणजे वसई-ठाण्याकडच्या ठरवून दिलेल्या ठिकाणी बसून तो बोलू शकेल. मुद्देमाल ओळखायचा असेल तर मात्र त्याला बोलवावेच लागेल, कारण चिठ्ठीवरची सही हातात धरून पाहावी लागते. मग बोलावलेत त्या दिवशी त्याची साक्ष घ्या. साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तारीख देऊ नये हे कायद्यात आहेच. पंचनामा करतानाच पंचाचा मोबाईल नंबर आणि मुंबईचा पत्ता लिहून घ्या, आणि साक्षीदारावर वॉरंट काढण्याआधी त्या नंबरवर एक फोन करा. एवढा एक फोन झाला असता तर आमचे टाळ थांबले नसते.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपण पोरांना शिकवतो. ती पक्षकारांसाठी ठीक असेल. पंचाला ती लावली तर झडतीच्या वेळी त्या शेडमध्ये फक्त पोलीस आणि आरोपी उरतील.

माझी साक्ष झाली जानेवारी २०२४ मध्ये, तिसऱ्या खेपेला. चौदा मिनिटे. गोणपाट समोर आणले, उंदराने एक कोपरा कुरतडलेला, लाख तडकलेली. चिठ्ठी माझ्या हातात दिली. सही तिरकी होती. ती माझी आहे हे मी सांगितले आणि ती तिरकी का आली तेही सांगितले. आरोपीच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारायला थोडा वेळ घेतला. दुसरा पंच आलाच नाही, तो दक्षिणेकडच्या कुठल्यातरी बोटीवर गेला होता. फिर्यादीला सेट ओळखता आला नाही. आरोपी सुटला. पुरावा अपुरा असेल तर तो सुटलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो निकाल मला तीन महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी न्यायालयात गेलो तेव्हा कळला.

गेल्या पावसाळ्यात खाडीत एक प्रेत लागले. पोलिसांनी आमच्या शेजारच्या मुलाला इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्यासाठी बोलावले. तो वाटेत आमच्या खळ्यात थांबला. माझी सगळी हकिकत त्याला ठाऊक होती. "काका, जाऊ का?" त्याने विचारले. बायको पडवीत तांदूळ निवडत होती, माझ्या आधी तीच म्हणाली, "जा." मी त्याला सांगितले की वाचल्याशिवाय सही करू नकोस, आणि घरी आल्याआल्या जे पाहिलेस ते वहीत तारीख घालून लिहून ठेव.